एका पिढीआधी ठरलेली झोप

रेशीमकीटकाचे अंडे खसखशीच्या दाण्याहून फारसे मोठे नसते. त्याची लांबी सव्वा मिलिमीटरच्या आसपास आणि वजन अर्ध्या मिलिग्रॅमहून किंचित अधिक भरते. एकाच वाणाच्या दोन माद्यांनी एकाच रात्री घातलेली अशी अंडी एकाच खोलीत, २५ अंश सेल्सिअस तापमानाला शेजारी शेजारी ठेवली, तरी त्यांची गती निराळी असू शकते. एका मादीची अंडी फिकट पिवळीच राहतात आणि सुमारे दहा दिवसांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. दुसरीची अंडी दोन-तीन दिवसांत तांबूस आणि मग काळपट जांभळी होतात, त्यांच्यातील भ्रूणाची वाढ जागीच थांबते आणि त्यांना कितीही ऊब दिली तरी ती महिनोन्‌महिने फुटत नाहीत. दोन्ही अंड्यांचे वाण एक, हवा एक, प्रकाश एक. फरक असतो तो त्यांच्या आयांच्या पूर्वायुष्यात, आणि तोही त्या आया स्वतः अंड्यात असतानाच्या काळात. ही झोप भ्रूणाने स्वतः घेतलेली नसून ती एका पिढीआधी ठरलेली असते. हा निर्णय नेमका कुठे होतो, कोणत्या रसायनाच्या हातून पोचतो आणि अंड्यात जाऊन काय करतो, याचा उलगडा होण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली. कीटकांच्या शरीरव्यापाराविषयीचे बरेचसे मूलभूत ज्ञान या प्रवासात हाती आले आणि तुतीच्या पाल्यावर वर्षातून अनेक पिके घेणाऱ्या शेतकऱ्याच्या अर्थकारणाचा पायाही याच ज्ञानावर उभा राहिला.

सुप्तावस्था म्हणजे काय

थंडी पडली की कीटकांची हालचाल मंदावते आणि ऊन आले की ती पुन्हा सुरू होते. या तात्पुरत्या मंदपणाला शैथिल्य म्हणता येईल. सुप्तावस्था ही त्याहून वेगळी, आधीपासून आखलेली अवस्था आहे. ती प्रतिकूल ऋतू येण्यापूर्वीच, म्हणजे हवा उबदार आणि पाला मुबलक असतानाच सुरू होते. आणि एकदा सुरू झाल्यावर केवळ ऊब मिळाली म्हणून संपत नाही, तर थंडीचा ठरावीक काळ सरल्याशिवाय तिचे कुलूप उघडत नाही. या दुसऱ्या अटीला मोठा अर्थ आहे. शरदातील चार उबदार दिवसांना वसंत समजून अळी बाहेर आली, तर तिला खायला तुतीचे पानही मिळणार नाही. म्हणून थंडी खरोखरच येऊन गेली आहे, याची खात्री झाल्यावरच वाढ पुढे सरकावी, अशी ही व्यवस्था आहे.

निरनिराळ्या कीटकांत ही अवस्था आयुष्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर येते. काही अळीच्या रूपात थांबतात, काही कोषात, तर काही प्रौढपणी. तुतीवर वाढणारा रेशीमकीटक, ज्याचे शास्त्रीय नाव बॉम्बिक्स मोरी आहे, तो अंड्यातच थांबतो. अंडे घातल्यानंतर सुमारे दोन दिवसांत भ्रूणाला डोक्याचा आणि शेपटाचा भाग ओळखू येण्याइतका आकार येतो, शरीराच्या खंडांची आखणी सुरू होते आणि नेमक्या त्या टप्प्यावर पेशींचे विभाजन बंद पडते. पेशी मरत नाहीत किंवा झिजतही नाहीत. विभाजनाच्या उंबरठ्यावर, आपले जनुकद्रव्य दुप्पट करून झाल्यानंतर, त्या थबकून राहतात. भ्रूणाभोवतीच्या पातळ आवरणातील पेशींमध्ये ओमोक्रोम नावाचे रंगद्रव्य साठते आणि त्यामुळे अंडे बाहेरून काळपट दिसू लागते. झोपलेले अंडे कोणते आणि जागे कोणते, हे शेतकऱ्याला ज्या रंगावरून कळते तो रंग हाच.

रेशीमकीटकाचे वाणही या सवयीवरूनच ओळखले जातात. समशीतोष्ण प्रदेशातील काही वाण वर्षातून एकच पिढी देतात आणि त्यांची अंडी कोणत्याही परिस्थितीत सुप्त होतात. त्यांना एकपिढी वाण म्हणतात. उष्ण प्रदेशातील बहुपिढी वाण, उदाहरणार्थ कर्नाटकातील प्युअर म्हैसूर किंवा बंगालमधील निस्तारी, सहसा थांबतच नाहीत आणि वर्षभर पिढीमागून पिढी देत राहतात. या दोन टोकांच्या मधले द्विपिढी वाण अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे ठरले, कारण थांबायचे की नाही हे त्यांच्यात केवळ वंशावर अवलंबून नसून ऋतूवरही अवलंबून असते.

थंडीची किल्ली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील रेशीम उद्योग पेब्रिन नावाच्या रोगाने उद्ध्वस्त होत होता आणि निरोगी अंड्यांच्या शोधात इटली-फ्रान्सचे व्यापारी थेट जपानपर्यंत जात होते. याच काळात लुई पाश्चर या रोगाच्या अभ्यासात गुंतले होते, आणि त्यांचे शिष्य व सहकारी एमिल द्युक्लो यांनी १८६९ मध्ये एक वरवर साधे दिसणारे, पण दूरगामी निरीक्षण मांडले: रेशीमकीटकाच्या भ्रूणाची वाढ पुन्हा सुरू व्हायची असेल, तर अंड्यांना हिवाळ्याची थंडी मिळणे आवश्यक असते. तोपर्यंत थंडी ही जीवाला केवळ सोसावी लागणारी गोष्ट मानली जात होती. द्युक्लो यांच्या निरीक्षणामुळे ती जीवाची गरज ठरली.

जपानमधील शेतकऱ्यांनी याच गुणाचा व्यवहारात फार कुशल उपयोग करून घेतला. डोंगरातील खडकांच्या फटींतून वाहणारी थंड हवा भर उन्हाळ्यातही गोठणबिंदूच्या जवळपास राहते, हे ध्यानात घेऊन अशा जागी दगडी भिंतींची कोठारे बांधण्यात आली आणि अंड्यांचे कागद त्यांत ठेवण्यात आले. गुन्मा प्रांतातील शिमोनिता येथील अराफुने हे १९०५ पासून उभे राहिलेले अशा प्रकारचे प्रसिद्ध कोठार आहे, आणि २०१४ मध्ये तोमिओका रेशीम गिरणीबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. वसंतात फुटणारी अंडी तेथे थंडीत रोखून धरता येत आणि हव्या त्या महिन्यात बाहेर काढता येत. त्यामुळे वर्षातून एकदाच होणारे पीक उन्हाळ्यात आणि शरदातही घेणे शक्य झाले. विजेवर चालणारी शीतगृहे येण्यापूर्वी निसर्गाच्या थंडीने चालवलेले हे ऋतूंचे नियोजन होते. मात्र अंड्याच्या आत काय घडते, हे ते वापरणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

वारसा आईकडून

आनुवंशिकीच्या इतिहासात रेशीमकीटकाला मानाचे स्थान आहे. मेंडेलचे नियम वनस्पतींबरोबर प्राण्यांनाही लागू पडतात, हे सुरुवातीच्या काळात ज्यांनी दाखवले त्यांत कामेतारो तोयामा हे जपानी संशोधक होते. त्यांचे रेशीमकीटकावरील काम १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पहिल्या पिढीतील संकर वापरण्याचा त्यांचा आग्रह पुढे जपानी रेशीम उद्योगाच्या भरभराटीचे एक कारण ठरला. तोयामा यांच्यासमोर एक कोडे मात्र वारंवार येत होते. थांबणाऱ्या वाणाची मादी आणि न थांबणाऱ्या वाणाचा नर यांचा संकर केला, तर अंडी थांबत. उलट जोडी लावली, म्हणजे मादी न थांबणारी आणि नर थांबणारा घेतला, तर अंडी थांबत नसत. दोन्ही संकरांत भ्रूणाला मिळालेली जनुके सारखीच असूनही परिणाम मात्र सर्वस्वी आईप्रमाणे होत होता. १९१३ मध्ये त्यांनी या मातृप्रभावाची मेंडेलच्या नियमांशी सांगड घातली: आईची जनुके अंड्याच्या घडणीवर काम करतात, त्यामुळे त्यांचा परिणाम तिच्या स्वतःच्या शरीरावर न दिसता अपत्यांवर दिसतो, आणि अपत्यांच्या स्वतःच्या जनुकांचा परिणाम आणखी एक पिढी उशिराने, नातवंडांत दिसू लागतो.

पुढील संशोधनात असे दिसून आले की थांबण्याची ही प्रवृत्ती एकट्या जनुकाची नाही. पिढ्यांच्या संख्येवर प्रभाव टाकणाऱ्या एका प्रमुख जनुकाची, एकमेकांवर मात करणारी पर्यायी रूपे आहेत. त्याच्या जोडीला लिंगगुणसूत्रावरील, म्हणजे झेड गुणसूत्रावरील, परिपक्वतेची गती ठरवणारी जनुकेही या निर्णयात हात घालतात. पतंगवर्गीय कीटकांत नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात आणि मादीकडे एक झेड व एक डब्ल्यू. त्यामुळे मुलीला तिचे एकमेव झेड गुणसूत्र बापाकडूनच मिळते. अशा रीतीने आईच्या माध्यमातून व्यक्त होणाऱ्या या गुणधर्मात आजोबांचाही वाटा शिरतो. काही उत्परिवर्तित वाणांत अंडी नेहमीप्रमाणे काळपट होतात, पण भ्रूण थांबत नाही. त्यांच्यामुळे हेही स्पष्ट झाले की रंग आणि झोप एकत्र येत असल्या तरी त्या दोन स्वतंत्र घटना आहेत.

निरोप्या सापडला

आईचा प्रभाव अंड्यापर्यंत पोचतो कसा, या प्रश्नाचे उत्तर १९५१ मध्ये सोइची फुकुदा आणि किनसाकू हासेगावा या दोघा जपानी शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दिले. कीटकाच्या डोक्यात मेंदूच्या खाली, अन्ननलिकेच्या पलीकडल्या बाजूस चेतापेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याला अन्ननलिकेखालील चेतागुच्छ म्हणता येईल. सुप्त अंडी घालणाऱ्या वाणाच्या कोषावस्थेतील मादीचा हा गुच्छ काढून तो न थांबणारी अंडी घालणाऱ्या मादीच्या शरीरात बसवला, तेव्हा तिनेही थांबणारी अंडी घातली. रोपलेल्या गुच्छाचा नव्या शरीराशी चेतातंतूंचा संबंध नव्हता. म्हणजे तो रक्तात एखादे रसायन सोडत होता, आणि तेच रसायन अंडाशयापर्यंत जाऊन आपला निरोप देत होते. रक्तातून दूरच्या अवयवाकडे जाऊन त्याचे काम बदलणाऱ्या अशा रसायनाला संप्रेरक म्हणतात, आणि या संप्रेरकाचे नाव पडले सुप्तिसंप्रेरक.

फुकुदा यांच्या प्रयोगांतून आणखी एक धागा हाती लागला. न थांबणारी अंडी घालणाऱ्या मादीमध्येही हा चेतागुच्छ असतोच. पण तिच्या मेंदूचा आणि गुच्छाचा संबंध तोडला, तर तीही थांबणारी अंडी घालू लागते. याचा अर्थ असा की गुच्छ निरोप पाठवायला तयारच असतो, आणि मेंदू त्याला आवरून धरतो. निर्णयाची खरी जागा त्यामुळे एक पायरी वर, मेंदूत सरकली.

संप्रेरकाचा रेणू शुद्ध स्वरूपात मिळवून त्याची रचना निश्चित होण्यास पुढची चार दशके जावी लागली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रचनेनुसार तो २४ अमिनो आम्लांची साखळी असलेला छोटा प्रथिनांश आहे. त्याचे जनुक सापडल्यावर आणखी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली: याच जनुकावरून बनणाऱ्या लांब प्रथिनाचे तुकडे होऊन त्यांतून एकूण पाच संप्रेरके तयार होतात, आणि त्यांपैकी एक मादीला नराला आकर्षित करणारा गंध निर्माण करण्याची आज्ञा देते. बॉम्बिकॉल नावाचा हा गंध जीवशास्त्रात कामगंधद्रव्यांतील पहिला ओळखलेला रेणू म्हणून प्रसिद्ध आहे. मीलनाची सूचना आणि अपत्यांच्या झोपेची सूचना अशा प्रकारे एकाच जनुकाच्या पोटी जन्मतात. अंडाशयाच्या पेशींवर हा निरोप घेणारा ग्राही, म्हणजे संप्रेरक ओळखून आतील यंत्रणा हलवणारे प्रथिन, २००६ मध्ये ओळखले गेले; आणि २०१५ मध्ये जनुकसंपादनाने केवळ सुप्तिसंप्रेरकाचा भाग निकामी केल्यावर, सुप्त अंडी घालण्यास भाग पाडणाऱ्या परिस्थितीत वाढवलेल्या माद्यांनीही न थांबणारी अंडी घातली, तेव्हा फुकुदा आणि हासेगावा यांचा निष्कर्ष जनुकाच्या पातळीवरही सिद्ध झाला.

अंड्यात असतानाची आठवण

द्विपिढी वाणांमध्ये हा निर्णय कशाच्या आधारे होतो, हे या कथेचे सर्वांत विलक्षण प्रकरण आहे. अंडी २५ अंश तापमानात आणि प्रकाशात उबवली, तर त्यांतून वाढलेल्या माद्या पुढे सुप्त अंडी घालतात. तीच अंडी १५ अंश तापमानात आणि अंधारात उबवली, तर त्यांतून वाढलेल्या माद्या न थांबणारी अंडी घालतात. उबवणीनंतर अळी चार वेळा कात टाकते, कोष विणते, कोषात रूपांतर होते आणि मग पतंग बाहेर येतो. या साऱ्या काळात तापमान काहीही असले, तरी अंड्यात असताना मिळालेली खूण प्रामुख्याने निर्णायक ठरते.

निसर्गातील वर्षचक्रावर ठेवून पाहिले की या व्यवस्थेची युक्ती कळते. हिवाळा झोपून काढलेली अंडी वसंताच्या गार, तुलनेने लहान दिवसांत पूर्ण वाढतात. त्यांतून आलेल्या माद्या उन्हाळ्याच्या तोंडाशी अंडी घालतात, आणि पुढे पुरेसा उबदार काळ असल्याने ती अंडी थांबण्याची गरज नसते. ही दुसरी पिढी अंड्यात वाढते ती मात्र उष्ण आणि लांब दिवसांत. तिच्या माद्या शरदाच्या सुमारास अंडी घालतील तेव्हा हिवाळा दारात असेल, म्हणून त्यांची अंडी थांबलेली बरी. अंड्यातील भ्रूण आजूबाजूचा ऋतू मोजतो तो स्वतःसाठी नव्हे, तर अजून जन्माला न आलेल्या आपल्या अपत्यांसाठी.

भ्रूण तापमान मोजतो कसे, याचे उत्तर २०१४ मध्ये शिन्शू विद्यापीठातील कुनिहिरो शिओमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. पेशींच्या पटलावर टीआरपीए१ नावाचा एक प्रथिनमार्ग असतो; विशिष्ट तापमानाला तो उघडतो आणि विद्युत्‌भारित कणांना पेशीत येऊ देतो. रेशीमकीटकाच्या भ्रूणातील हा मार्ग सुमारे २१ अंशांच्या वर उघडतो, आणि तो निकामी केला तर उष्ण हवेत उबवलेल्या मादीची अंडीही न थांबणारी निघू लागतात. भ्रूणाने घेतलेली ही नोंद पुढे कोषावस्थेपर्यंत कशी टिकते आणि मेंदूतून कशी व्यक्त होते, याचा मार्गही याच गटाच्या २०२१ च्या संशोधनातून बराचसा स्पष्ट झाला. मेंदूत गॅबा नावाचा एक निरोधक चेतासंदेशक असतो, म्हणजे पुढच्या पेशीला शांत ठेवणारे रसायन. गार अंधारात उबवलेल्या मादीत तो कॉराझोनिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनांशाला दाबून ठेवतो. उष्णतेत उबवलेल्या मादीत ही पकड ढिली होते, कॉराझोनिन सुटते आणि त्याच्या प्रेरणेने अन्ननलिकेखालील गुच्छातून सुप्तिसंप्रेरक रक्तात येते. मेंदू गुच्छाला आवरतो, हे फुकुदा यांनी कात्रीने दाखवले होते. तो कोणत्या दोऱ्यांनी आवरतो, हे सत्तर वर्षांनी कळले. दिवसरात्रीची लय सांभाळणारी घड्याळी जनुकेही या निर्णयात सहभागी असल्याचे अलीकडील काम दाखवते.

साखरेची भाषा

निरोप अंडाशयात पोचल्यावर त्याचे रूपांतर साखरेत होते, आणि नागोया विद्यापीठात हासेगावा व संशोधक यामाशिता यांच्या परंपरेत झालेल्या कामाने ही प्रक्रिया पायरीपायरीने उलगडली. कीटकांच्या रक्तातील मुख्य साखर म्हणजे ट्रेहॅलोज. सुप्तिसंप्रेरक वाढत्या अंड्यांमधील ट्रेहॅलेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, वाढवते. त्यामुळे अंडी आईच्या रक्तातील ट्रेहॅलोज फोडून घेतात आणि त्यापासून ग्लायकोजेन नावाच्या पिष्टमय पदार्थाचा मोठा साठा करतात. काळ्या रंगाचा कच्चा मालही याच वेळी अंड्यांत अधिक शिरतो. आई अशा रीतीने झोपेची आज्ञा देते आणि त्याबरोबरच झोपेची शिदोरीही अंड्यात बांधून देते.

अंडे घातल्यानंतर सुप्तावस्था सुरू होताच हा ग्लायकोजेन नाहीसा होऊ लागतो आणि त्याच्या जागी सॉर्बिटॉल आणि ग्लिसरॉल ही गोड, पाण्यात सहज विरघळणारी द्रव्ये साठतात. हारुओ चिनो यांनी हे रूपांतर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले. ही द्रव्ये गोठण्यापासून संरक्षण करणारी असल्यामुळे त्यांचे काम थंडीपासून बचाव करणे एवढेच असावे, अशी समजूत दीर्घकाळ होती. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने या समजुतीत मोठी भर घातली. भ्रूण अंड्याच्या कवचाबाहेर काढून पोषक द्रवात वाढवले, तेव्हा सुप्त अंड्यातील भ्रूणही वाढू लागले. त्या द्रवात सॉर्बिटॉल घातले तेव्हा मात्र वाढ थांबली, आणि ते काढून घेतल्यावर ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे सॉर्बिटॉल हे झोपलेल्याचे पांघरूण तर आहेच, पण झोप टिकवून धरणारे द्रव्यही तेच आहे.

झोप संपण्याची प्रक्रिया याच मार्गाने उलट दिशेने जाते. अंडी सुमारे ५ अंश तापमानात दोन-तीन महिने राहिली, की सॉर्बिटॉलचे विघटन करणारे विकर तयार होते, सॉर्बिटॉल पुन्हा ग्लायकोजेनमध्ये जाते आणि भ्रूणाच्या वाढीची वाट मोकळी होते. थंडीचा काळ मोजणारे एक प्रथिनही अंड्यात सापडले असून टोटोरी विद्यापीठातील हिदेनोरी काइ यांच्या गटाने त्याचा सविस्तर अभ्यास केला. एक छोटा प्रथिनांश त्याला जखडून ठेवतो आणि थंडीत ठरावीक काळ गेल्यावर ते क्रियाशील होते. थंडी इथे केवळ दार उघडत नाही, तर वाळूच्या घड्याळासारखी आतल्या आत मोजलीही जाते.

आम्लाची पाच मिनिटे

रेशीम उद्योगाला दोन-तीन महिने थांबणे परवडत नाही, म्हणून सुप्त अंड्यांना झोपूच न देण्याची एक पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये विकसित झाली आणि आजही ती अंडीपुंज निर्मिती केंद्रांत रोज वापरली जाते. एका मादीने घातलेल्या अंड्यांच्या समूहाला अंडीपुंज म्हणतात आणि त्यात साधारण चारशे ते पाचशे अंडी असतात. अंडी घातल्यानंतर सुमारे २० तासांनी ती १.०७५ विशिष्ट गुरुत्वाच्या आणि ४६ अंश सेल्सिअस तापमानाच्या हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे पाच मिनिटे बुडवतात आणि लगेच भरपूर पाण्याने धुतात; पर्यायाने किंचित अधिक तीव्र आम्लात, नेहमीच्या तापमानाला, सुमारे तासभर ठेवतात. ग्लायकोजेनचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर होण्याचा मार्ग अशा अंड्यांत बंद पडतो, भ्रूण थांबत नाही आणि सुमारे दहा दिवसांत अळ्या बाहेर येतात.

विसाव्या तासाला महत्त्व का, हे वर सांगितलेल्या रसायनावरून कळते. त्याआधी भ्रूण फार कोवळा असल्यामुळे आम्ल त्याला मारू शकते, आणि त्यानंतर फार उशीर झाला तर थांबण्याची प्रक्रिया इतकी पुढे गेलेली असते की आम्लाला ती परतवता येत नाही. आम्लाचे गुरुत्व, तापमान आणि मिनिटे यांच्या ठरलेल्या मापांमागे भ्रूणाच्या वाढीचे आणि साखरेच्या रूपांतराचे वेळापत्रक आहे.

एकच रेणू, वेगळा अर्थ

सुप्तिसंप्रेरकाची गोष्ट रेशीमकीटकापाशी संपत नाही. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हरभऱ्यावर घाटेअळी आणि कापसावर हिरवी बोंडअळी म्हणून माहीत असलेला कीटक कोषावस्थेत सुप्त होतो, आणि त्याच्याही शरीरात याच जातीचे संप्रेरक आहे. पण तिथे त्याचे काम अगदी उलट आहे. चीनमधील संशोधनातून असे दिसले की घाटेअळीच्या सुप्त कोषात हे संप्रेरक झोप लावत नाही, तर मोडते. अमेरिकेतील तिच्या जवळच्या नात्यातील जातींतही हाच अनुभव आला. झोप रेणूत नसते. कोणत्या ऊतकाने, कोणत्या टप्प्यावर तो निरोप ऐकला यावर त्याचा अर्थ ठरतो, ही शिकवण या एका उदाहरणात सामावलेली आहे.

विदर्भाच्या जंगलात याहून वेगळी सुप्तावस्था दिसते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसर रेशीम घेतले जाते आणि ढिवर समाजाकडे या व्यवसायाची जुनी परंपरा आहे. टसर कीटकाची अंडी थांबत नाहीत. थांबतो तो कोषातील जीव, आणि तोही हिवाळा व उन्हाळा मागे टाकून पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग होऊन बाहेर पडतो. इथे झोपेची यंत्रणा निराळी आहे. मेंदूतून येणारे एक संप्रेरक छातीतील ग्रंथीला जागे करते आणि ती ग्रंथी एक्डायसोन, म्हणजे कात टाकायला आणि रूपांतर घडवायला लावणारे संप्रेरक सोडते. ही साखळी थांबली की कोषातील जीव थांबतो, आणि ती सुरू झाली की जागा होतो. अमेरिकेत कॅरोल विल्यम्स यांनी १९४० च्या दशकात टसरच्या नात्यातील सेक्रोपिया पतंगावर काम करून दाखवले की थंडीतून काढलेला मेंदू न गारठवलेल्या कोषात रोपला, तर तो झोपलेला जीव जागा होतो. पुढे चिनी टसर कीटकाच्या कोषात त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मेंदूच्या वर एक पारदर्शक खिडकी आढळली. त्या खिडकीतून मेंदू थेट दिवसाची लांबी मोजतो. एक्डायसोन प्रथम शुद्ध स्वरूपात मिळाले, तेही रेशीमकीटकामुळेच: १९५४ मध्ये जर्मनीत ब्युटेनांड आणि कार्लसन यांनी ५०० किलो कोषजीवांपासून केवळ २५ मिलिग्रॅम स्फटिक वेगळे केले.

विदर्भातील उत्पादकांपुढील एक अडचण या यंत्रणेतूनच येते. जपून टांगलेल्या बीजकोषांतून पतंग एकाच वेळी न निघता मागेपुढे, काही वेळा पावसाच्या आधीच निघाले, तर नर आणि मादी यांची वेळ जुळत नाही आणि बियाणे वाया जाते. टसरची सुप्तावस्था नियंत्रित करणे हा तेथे पोटापाण्याचा प्रश्न आहे.

तुतीच्या शेतातील अर्थ

तुती रेशमाच्या बाबतीत भारताची वाट जपानहून वेगळी होती. इथे बहुपिढी वाणांची परंपरा होती. त्यांची अंडी थांबत नाहीत, पण धागा तुलनेने कमी प्रतीचा असतो. द्विपिढी वाणांचा धागा लांब आणि चांगल्या प्रतीचा असतो, पण अंडी थांबतात. कर्नाटकात दीर्घकाळ वापरला गेलेला प्युअर म्हैसूर मादी आणि द्विपिढी नर यांचा संकर या कोंडीवरचे उत्तर होता, आणि त्या उत्तरात तोयामा यांचा मातृप्रभावाचा नियमच वापरला गेला होता: मादी न थांबणारी असल्यामुळे संकराची अंडी थांबत नाहीत, आणि नराकडून रेशमाची प्रत सुधारते. म्हैसूर येथील केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने जपानच्या सहकार्याने उष्ण हवेत टिकणारे द्विपिढी वाण विकसित केल्यावर शुद्ध द्विपिढी संकरांचा मार्ग खुला झाला. महाराष्ट्रात आज प्रामुख्याने असेच द्विपिढी संकर वापरले जातात, आणि मराठवाड्यासारख्या पाणीटंचाईच्या भागातही तुतीच्या जोरावर शेतकरी वर्षातून अनेक पिके घेतो. त्याच्या संगोपनगृहात येणाऱ्या प्रत्येक पेटीतील अंडी म्हणजे एक तर आम्लाच्या पाच मिनिटांनी झोपेपासून अडवलेली, नाही तर शीतगृहात थंडीचा हिशेब पूर्ण करून जागी केलेली अंडी असतात.

या साखळीत अंडीपुंजाचा प्रवास हा नाजूक दुवा आहे. आम्लप्रक्रिया झालेल्या किंवा थंडीतून काढलेल्या अंड्यातील भ्रूण वेगाने वाढत असतो. वाटेतील उन्हात तापलेल्या वाहनात त्याला बसलेला तडाखा बाहेरून दिसत नाही, पण काही दिवसांनी कमी आणि विस्कळीत फुटलेल्या अंड्यांतून आणि मागेपुढे वाढणाऱ्या अळ्यांतून तो दिसतो. अंडी फुटण्याच्या सुमारे दोन दिवस आधी ती काळ्या कपड्यात किंवा कागदात अंधारात ठेवून मग सकाळी प्रकाशात आणण्याची जी पद्धत आहे, तिच्यामागेही भ्रूण प्रकाश ओळखतो हेच सत्य आहे. पुढे गेलेले भ्रूण अंधारात थांबतात, मागे राहिलेले त्यांना गाठतात आणि सगळ्या अळ्या एका सकाळी बाहेर येतात.

म्हणूनच रेशीम प्रशिक्षणात तापमानाचे आणि मिनिटांचे आकडे जसे दिले जातात, तशी त्यांमागील कारणेही शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगितली गेली पाहिजेत. आकडा पाठ असलेला माणूस वीज गेल्यावर किंवा पेटी उशिरा आल्यावर गोंधळतो. कारण ठाऊक असलेला माणूस काय वाचवायचे ते ओळखतो. द्युक्लो यांची थंडी, तोयामा यांचा मातृप्रभाव, फुकुदा आणि हासेगावा यांचा चेतागुच्छ आणि शिओमी यांचा २१ अंशांना उघडणारा मार्ग हे सारे ज्ञान सार्वजनिक आहे, आणि अंडीपुंजाची पेटी उघडणाऱ्या प्रत्येक हाताचा त्यावर हक्क आहे. कृषी विद्यापीठांनी, रेशीम विभागाने आणि मराठीतील विज्ञानलेखकांनी ते त्या हातांपर्यंत पोचवावे.